श्वास न पुरल्यामुळे

माझे वडील गेल्या श्रावणात सकाळी आठ ते सव्वानऊ एवढ्या वेळासाठी वारले होते. चूक सर्वस्वी माझी.

मी अकोल्यात भिक्षुकी करतो. श्रावणात दिवसाला चार-पाच पूजा, आणि प्रत्येक घरी प्रसादाचा शिरा. यजमानांनी "गुरुजी, अजून थोडा" म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. शेवटी डॉक्टरांनी माझ्या साखरेचा रिपोर्ट पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते. तिने त्याच संध्याकाळी घरातली साखर शेजारी देऊन टाकली. ताटात ज्वारीची भाकर आणि पालेभाजी आली. मग प्रश्न आला, "व्यायाम कधी करणार?"

"वेळ कुठे आहे?"

"एका पूजेहून दुसरीकडे स्कूटरवर जाता ना? पायी जा. झपाझप."

पटलं. मी कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही, म्हणून चालण्याऐवजी एकदम पळायचंच ठरवलं.

सोमवारी पहिला अभिषेक आटोपून मी जठारपेठेतून निघालो. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा, खांद्यावर पिशवी. (पळणारा भटजी लोकांनी सहसा पाहिलेला नसतो.) आमचे जुने यजमान प्रभाकरराव किराणा दुकान उघडत होते.

"गुरुजी, काहून पळून राह्यले? घरी बरं हाये ना?"

बोलायला श्वास नव्हता. सोगा सोडून मी एक बोट वर केलं. माझ्या मते त्याचा अर्थ 'एक मिनिट थांबा' असा होता. प्रभाकररावांनी बोटाकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"बाबा?" त्यांनी हळूच विचारलं.

बाबा ठीक आहेत ना, असं त्यांना विचारायचं असणार. मी जोरजोरात मान हलवली आणि पुढे पळालो.

दुसरी पूजा करून मोबाइल पाहिला, तर सुनंदाचे अकरा फोन. आता मी खरोखर पळालो.

दारात वीस-पंचवीस जण, डोक्याला रुमाल बांधून उभे. सुनंदाने सगळ्यांना चहा दिला होता, अर्थात बिनसाखरेचा. अशा प्रसंगी साखर कशी मागायची, म्हणून सगळे निमूट पीत होते. मधोमध खुर्चीवर बाबा पेपर वाचत बसलेले.

"ये," बाबा म्हणाले. "हे सगळे मला न्यायला आलेत, आणि माझी अजून आंघोळही व्हायची आहे."

प्रभाकरराव कोपऱ्यात अवघडून उभे होते. "बाबा, माफ करा. पण मी हार घेऊन आलो ना. याचं काय करू?"

"आणलाच आहेस तर घाल."

त्यांनी घातला. एका काकांनी सवयीने हातही जोडले.

लोक पांगल्यावर बाबांनी हार काढून खुंटीला लावला. "उद्यापासून मी तुझ्यासोबत फिरायला येतो. मी आहे, हे लोकांना रोज दिसलं पाहिजे."

तेव्हापासून एकही दिवस चुकलेला नाही. माझी साखर उतरली, हे मी अभिमानाने सांगतो. बाबा मात्र पुढे असतात आणि मी वीस पावलं मागे, धापा टाकत.

परवा प्रभाकररावांनी बाबांना बाजूला घेतलं. मला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण मला ऐकू गेलंच.

"बाबा, गुरुजीचं काही खरं दिसत नाही. डॉक्टरले दाखवलं का?"

बाबांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

"पोरगा आहे अजून," ते म्हणाले. "काढेल काही वर्षं."