घड्याळाखालचा रंग

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे रंगताई म्हणत. घरी मात्र ती डांबरी. दोघी बहिणी. थोरली जन्मली ती लोण्याच्या गोळ्यासारखी, आणि ही आली तेव्हा सुईण म्हणे म्हणाली, “जरा दिवा जवळ आणा, पोर दिसत नाही.” आळीनं एकीचं नाव दूध ठेवलं आणि दुसरीचं डांबरी. दूधताईचं लग्न झालं, नातवंडं झाली, दात पडायला आले, तरी ती दूधच राहिली. डांबरीचा नवरा लेक पाळण्यात असतानाच घर सोडून गेला, तेव्हासुद्धा माणसं हळहळली ती त्याच्यासाठी. “इतकी वर्षं काढली बिचाऱ्यानं,” म्हणाली.

कारखान्यात हाताचा सांगाडा एकीकडे होई आणि त्यावर चढवायचं रबरी आवरण दुसरीकडे. त्या आवरणाला तिथं कातडं म्हणत. साचेवाले काका कातडं ओतायचे आणि रंगताई त्याला रंग द्यायची. शिरा, नखांखालची लाली, बोटांच्या पेरांवरचा काळपटपणा, सगळं ती बारीक कुंचल्यानं काढी. कंपनीकडून रंगाचे डबे येत. एका डब्यावर ‘त्वचा’ असं छापलेलं असे, आणि आत फिकट गुलाबीसर रंग. बाकीच्या डब्यांवर नुसतं तपकिरी, तांबडा, पिवळा, निळा.

“काका, आपण दोघं तपकिरी डब्यातले,” ती म्हणायची. “आपल्याला कातडंच नाही.”

“म्हणून तर मला एवढी थंडी वाजते,” काका म्हणायचे.

हसण्यावारी जायचं. पण कालवता कालवता तिला कळून चुकलं होतं की गोऱ्याच्या वाटीत आणि काळ्याच्या वाटीत रंग पडतात ते तेच. एखादा थेंब कमी, एखादा जास्त. ज्या गोष्टीपायी तिची हयात डांबरी झाली, ती वाटीत घातली असती तर निळ्याचे चार थेंब भरली नसती. हे कळून उपयोग काय, ते मात्र तिला कधी कळलं नाही. आळीतल्या माणसांना वाटी दाखवायला थोडंच नेणार?

गिऱ्हाईक आलं की ती त्याला खिडकीशी बसवी आणि रंगाच्या पट्ट्या त्याच्या शाबूत हाताला लावून बघे. आणि दरवेळी एकच तऱ्हा. ट्रक चालवणारा असो, शाळामास्तर असो, माणूस पट्टी लागायच्या आत हात उलटा करणार, दातांनी मनगटावरचं घड्याळ सैल करणार आणि पट्ट्याखालची फिकट चकती पुढे धरणार. “ताई, हा माझा खरा रंग. बाकीचा उन्हानं रापलाय.” कारखान्यात त्या रंगाला नावच पडलं, घड्याळाखालचा. ‘ताई, त्या मास्तरांचं कातडं कसलं?’ ‘घड्याळाखालचं.’ झालं, सगळ्यांना कळायचं.

सुरुवातीला ती वाद घालायची. “अहो, उजेडात गेलात की हा हात उपरा दिसेल.”

“उपराच आहे तो,” एक हमाल तिला म्हणाला होता. “उपरा तो उपरा, गोरा तरी दिसू दे.”

तेव्हापासून तिनं हरेकाला एक पायरी उजळ रंग द्यायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत ‘ताई, जरा सावळा करा’ म्हणणारा माईचा लाल काही उगवला नाही.

लेक तिच्यावर गेली होती. रंगानं तर गेलीच, वर जिभेनंही गेली. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या कापायच्या यंत्रानं तिच्या डाव्या हाताची बोटं आणि अर्धा पंजा नेला. दवाखान्यातून घरी आल्यावर बरेच दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग एक दिवस उठली, डोक्याला तेल लावून घेतलं, म्हणाली, “आई, चष्म्याच्या दुकानात विचारून आले. गिऱ्हाईकापुढं आरसा धरायचा, चौकटी दाखवायच्या. मालकीणबाई म्हणाल्या, हात बसवून ये, मग बघू. तुझ्या कारखान्यातून हात दे मला.”

रंगताईनं ठरवलं होतं, आजवर कुणाचा केला नाही असा हात लेकीचा करायचा. पट्टी लावायचीही गरज नव्हती. त्या पोरीचा रंग तिला डोळे मिटून ठाऊक होता. नऊ महिने तो तिनंच कालवला होता. काकांनी उजव्या हाताचा साचा घेतला, त्यावरून उलटा डावा घडवला. आणि रंग द्यायच्या दिवशी लेक खिडकीशी येऊन बसली, उजवा हात पुढे केला, उलटा केला, आणि मनगटाची आतली बाजू आईपुढं धरली.

“इथला घे.”

“तू पण?” रंगताई म्हणाली. “अगं, आतला रंग बाहेर शोभत नसतो बाई. एक हात दुसऱ्याला ओळख देणार नाही.”

“न देऊ दे.”

“लोक बघतील.”

“बघणारच आहेत. हात तुटला म्हणून बघतील, काळी म्हणून बघतील. एका वेळी एकच बघू देत.”

“माझं ऐक. मी हे रोज करते.”

“तूच सांगायचीस ना?” लेकीचा आवाज चढला. काकांनी कानात काही जात नसल्यासारखं साचा घासायला घेतला. “शाळेतून रडत आले की न्हाणीत बसवून माझा हात उलटा करायचीस. म्हणायचीस, हा बघ तुझा खरा रंग, बाकीचं ऊन आहे, धुऊन जाईल. घास घास घासायचीस. मग आता दे की तो खरा!”

पोरगी हुंदके देत यायची आणि रंगताईला तेवढं एकच बोलता यायचं. तिची आईही तिला तेच सांगायची. तिनं ‘त्वचा’चा डबा उघडला आणि वाटीत ओतायला लागली. लेक म्हणत राहिली, “अजून. अजून थोडा.”

हात सुरेख झाला. नखं जिवंत वाटत. दूधताई भेटायला आली तेव्हा तिनं तो मांडीवर घेतला, स्वतःच्या हाताशी लावून बघितला. “अगं बाई, माझ्यासारखाच झाला की!” म्हणाली. लेक इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खळखळून हसली.

चष्म्याच्या दुकानात तिला ठेवून घेतलं. डावा हात काचेच्या टेबलावर ठेवायचा, उजव्यानं आरसा धरायचा. चारसहा दिवस बरे गेले. मग एक म्हातारी चौकट लावून बघता बघता थबकली. तिनं लेकीचा उजवा हात धरला. “पोरी, हा हात कशानं भाजला गं?”

“भाजला नाही आजी.”

“मग असा का? तो दुसरा बघ किती छान आहे.”

दुकानातल्या पोरी आत जाऊन हसल्या. लेकीनं हे घरी आईला सांगितलं तेव्हा तीही हसत होती. “बघ आई, माझा खरा हात लोकांना खोटा वाटायला लागला.” रंगताईला ते हसू काही बरं वाटलं नाही. “कातडं बदलून देते,” ती म्हणाली. “काकांना सांगून दुसरं ओतून घेते. तुझ्या अंगाचा रंग देते.”

“नको. डावा बरोबर आहे,” लेक म्हणाली.

काही आठवड्यांनी न्हाणीच्या फळीवर मलमाची एक नळी दिसली, वर नाव नाही, गाव नाही. बाजारात कुणा बाईकडं मिळते म्हणे. लेक ती रोज उजव्या हाताला चोळी. आणि खरंच हात उजळायला लागला. ती डावा-उजवा शेजारी ठेवून आईला दाखवी. “आता किती पायऱ्या राहिल्या? तुझ्या पट्ट्यांवर सांग ना.” रंगताई ओरडली, नळी उकिरड्यावर फेकून आली. दुसऱ्या दिवशी फळीवर दुसरी होती. तिसऱ्यांदा तिनं फेकली नाही. खोटं कशाला बोला, तिलाही तो उजळता हात बघत राहावासा वाटला होता. दूधताई म्हणाली, “आपल्या वेळी असलं काही निघालं असतं तर तुझाही संसार टिकला असता.”

मग कातडी लाल झाली. मग सोलली. मागच्या बाजूला पांढरे चट्टे उठले, त्यांच्या कडा पूर्वीपेक्षा काळ्या. बोटांच्या पेरांवर निळसर सावट आलं, आतल्या बाजूची कातडी कागदासारखी पातळ होऊन तिथल्या शिरा दिसू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी हात उलटापालटा करून बघितला. “लावणं बंद करा. वाढणार नाही एवढं सांगते. जाणार नाही.”

“काहीच नाही?” रंगताईनं विचारलं.

“उन्हापासून जपा,” त्या म्हणाल्या.

दुकानात तिला आधी आतल्या खोलीत बसवलं, काचा पुसायला. पुढं मालकीणबाईंनी गोड बोलून सांगितलं, गिऱ्हाईकं विचारतात, संसर्ग तर नाही ना; पूर्ण बरी झालीस की ये. पूर्ण बरं व्हायचं नव्हतं हे दोघींनाही ठाऊक होतं. लेक नमस्कार करून निघाली. घरी येऊन तिनं डाव्या हाताचं कातडं काढलं नाही. झोपतानाही ते काढेना.

आणि एक दिवस ती पुन्हा कारखान्यात आली. खिडकीशी बसली.

“आई, उजव्यालाही एक कातडं कर. वरून घालते.”

साचेवाले काकांच्या हातातली कानस थांबली. “अगं, तो तर धडधाकट हात आहे. आत घामानं कुजेल. पेन धरता येणार नाही, घास घेता येणार नाही.”

“कुणापुढं जेवायचंय मला, काका?”

काकांनी रंगताईकडं बघितलं. तिची नजर फळीकडं गेली. फळीवर जुना साचा पडून होता, लेकीच्या उजव्या हाताचा, घेतला त्या दिवसासारखा गुळगुळीत. काकांनी तो उतरवला, धूळ झटकली आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

कातडं ओतून झालं. रंगताईनं पट्ट्या काढल्या, लेकीचा हात मांडीवर घेतला. पट्टी मनगटाला लावली, तिथं चट्टा होता. पंजाच्या मागं लावली, तिथं दोन रंग होते. बोटांना लावली, कोपरापर्यंत नेऊन बघितली. डोळे मिटले तर जो रंग तिला ठाऊक होता, तो त्या हातावर कुठंच सापडेना.

“काय शोधतेस?” लेक म्हणाली. “डाव्यासारखा कर.”

रंगताईनं पट्ट्या बाजूला ठेवल्या. लेकीचा रबरी हात उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि त्याच्याकडे बघत बघत ती वाटीत रंग कालवू लागली.