खणाच्या कोपऱ्यातले तांदूळ

लढाईच्या दिवसांत कापड कंट्रोलमध्ये गेलं, मोजूनमापून मिळू लागलं, आणि माझ्यावर एक भलतंच संकट आलं. काम नसण्याचं नव्हे, फार असण्याचं.

माझा नवरा दहिवलीत शिंपीकाम करायचा. तो तापाने गेला आणि त्याचं हातमशीन माझ्याकडे राहिलं. पुरुषांनी सदरे शिवायला नदीपलीकडे कर्जतच्या बाजाराची वाट धरली, पण बायका मात्र माझ्याकडे येऊ लागल्या. परक्या पुरुषाने अंगाला टेप लावलेली त्यांना नको असायची. त्यावर माझी चूल चालत होती. खालापूरकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला मात्र हे काही खरं वाटत नव्हतं. "बाय, अक्षय तृतीयेला गाडी घेऊन येतो," त्याने बजावून ठेवलं होतं. "तवर तुझा जम बसला नाय, तर मशीन घ्यायचं नि माझ्याकडं चलायचं." भाऊ जीव लावणारा होता. पण त्याच्या घरी गेले असते तर जन्मभर भावजयीच्या हाताखाली भांडी घासावी लागली असती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. भावजयीला तर नक्कीच.

त्या वर्षी कंट्रोलच्या दुकानात कापड आलं तेच लग्नसराईच्या तोंडावर, आणि साऱ्या गावांना एकदम मिळालं. कडावच्या, आसपासच्या वाड्यांच्या बायका यायच्या आणि गाठोडी ठेवून जायच्या. आत खण आणि मापाला एक जुनी चोळी. ढीग वाढत वाढत उतरंडीच्या बरोबरीला आला. एक गाठोडं हातात घेतलं की दुसरं आधी द्यायचंय असं वाटायचं, दुसरं घेतलं की तिसरं आठवायचं, आणि मग मी सगळं सोडून मशीनला तेल घालायला बसायचे. एवढं तेल त्या मशीनने जन्मात प्यायलं नसेल. अंगण सारवलं. ते वाळल्यावर पुन्हा सारवलं. शेवटी ढिगावर एक गोधडीच टाकली, म्हणजे तो दिसायला नको.

कुणी विचारायला आलं की "बेतून झालंय, नुसती टीप मारायची राहिलीय" असं मी तोंडभरून सांगायचे. ही थाप मला नवऱ्याकडून मशीनबरोबरच मिळाली होती. अक्षय तृतीया जवळ येत होती.

मुंग्यांनी मला त्यातून सोडवलं. एका सकाळी पाहते तो उंबऱ्यापासून लाल मुंग्यांची रांग लागलेली आणि ती थेट गोधडीखाली शिरलेली. कापड कुरतडलं गेलं तर कंट्रोलात दुसरं आणायचं कुठून? गोधडी फेकली आणि रांगेच्या मागे गेले, तर मुंग्या नेमक्या कडावच्या एका नवरीच्या गाठोड्यात चाललेल्या. घाईघाईने सोडलं. खणाच्या कोपऱ्याला एक गाठ मारलेली होती. गाठीत मूठभर तांदूळ, सुपारी आणि गुळाचा खडा. मुंग्या त्या खड्याला लागल्या होत्या. कापड शाबूत होतं. गुळाचा डाग पडला होता तोही अगदी काठाला, शिवणीत दुमडून जाईल एवढा.

मी ती गाठ हातात घेऊन बसले. खण, तांदूळ, सुपारी ही तर ओटी. आणि कुंकू नसलेल्या बाईची ओटी आमच्याकडे कुणी भरत नाही. वाटलं, नवरीच्या आईने दुसऱ्या कुणासाठी बांधलेलं चुकून इथे आलं. पण मग एकेक गाठोडं सोडून पाहिलं. सगळ्यांत नव्हतं, पण बऱ्याच जणींच्या खणाला गाठ होती. कुठे लाल तांदूळ, कुठे हळकुंड. डोंगराकडच्या ठाकूरवाडीतल्या बाईने तांदूळ नव्हते म्हणून नाचणी बांधली होती.

दुपारी ती नवरीची आईच विचारायला आली. मी गाठ तिच्यापुढे धरली. "मावशी, ही चुकून आली का हो?"

"चुकून कशाला गं? बाईमानसाच्या हातात खण काय रिकामा द्याचा?"

"पन मला कुंकू नाय. तुमाला ठाव हाय."

"ओटी पदरात घालत्यात," ती म्हणाली. "पदर हाय ना तुला? मग घे की. आनि चोळी कुठवर आली?"

"अजून बेतलीबी नाय," मी म्हणाले. त्या वर्षातलं ते माझं पहिलं खरं उत्तर. ती हसली आणि ओसरीवर टेकली. तिच्यासमोर मी कात्री उचलली.

इतके दिवस मी त्या ढिगाला तगादा समजत होते. इतक्या बायकांनी माझी ओटी भरली होती आणि मी तिच्यावर गोधडी टाकून बसले होते. मला रडू आलं आणि फार हलकंही वाटलं. मग माझी एक रीतच पडली. गाठोडं सोडायचं, कोपऱ्यातलं धान्य पदरात घ्यायचं, देणारीला मनात हात जोडायचे, ते मडक्यात ओतायचं आणि मग बेतायला बसायचं. गाठ एका वेळी एकच सुटते, त्यामुळे दुसऱ्या गाठोड्याची आठवण येईनाशी झाली. गूळ निघाला तर तोंडात टाकायचा. मशीन असं चालायला लागलं की शेजारीण विचारायला आली, नवीन घेतलंस का?

अक्षय तृतीयेला भाऊ गाडी घेऊन आला. मी त्याला आधी जेवायला वाढलं.

"कसला भात केलायस बाय? आर्धा कच्चा, आर्धा गिजका."

"ओटीचा हाय दादा. साऱ्या गावांचा तांदूळ एकात पडलाय."

"कुनाच्या ओटीचा?"

"माझ्या."

त्याने वर पाहिलं. दोरीवर शिवून झालेल्या चोळ्या टांगल्या होत्या, एकीवर एक, जागा पुरत नव्हती. पानातलं शीत न् शीत त्याने संपवलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन मशीन बांधायला आणलेला दोर घेऊन आला. मी उठून मशीनपुढे उभी राहिले.

पण तो मशीनकडे वळलाच नाही. दोराचं एक टोक त्याने या खुंटीला बांधलं, दुसरं पलीकडच्या, आणि ओढून पाहिलं.

"टांग आता यावर," तो म्हणाला, आणि बैल जुंपायला गेला.