लग्नापुरता चेहरा

सुंदरानं उभ्या जन्मात बिडीला हात लावला नव्हता. बिड्या ओढायचा तिचा नवरा धुडकू, आणि तो ठणठणीत होता. बमरोलीत लूमच्या खात्यात, यंत्रमागाच्या कारखान्यात, बॉबिन भरता भरता तिला खोकला लागला. आधी टीबीची औषधं झाली, त्यानं गुण येईना. शेवटी मोठ्या दवाखान्यात फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर निघाला. चोरून ओढत असेल, असं जाऊबाई चारचौघींत म्हणाली. सुंदराला आजारापेक्षा ते जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. आजार पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. पण गाठीच्या पेशींत एक ठरावीक बिघाड सापडलाय आणि नेमका त्यालाच आवर घालणारी गोळी आहे. आजार मुळापासून जाणार नाही, दबून राहील. गोळी मात्र रोज घ्यायची आणि विचारल्याशिवाय थांबवायची नाही.

गोळीनं खरंच जादू केली. दोन पावलांत धापा टाकणारी सुंदरा पुन्हा दोन जिने चढून गच्चीवर वाळवण घालू लागली. फक्त तोंडावर पुरळ उठलं, लालबुंद, पुवाळलेलं. नखांच्या कडा चिरल्या. जीव वाचला म्हणून तिनं ते दवाखान्यात सांगितलंसुद्धा नाही.

अशात मुलीचं, जयश्रीचं, चलथाणला लग्न जमलं. मुलाकडच्यांना आजाराचं सांगायचं नाही, हे धुडकूनं परस्पर ठरवून टाकलं होतं. साखरपुड्यात विहीणबाई मंगलाबाई सुंदराच्या तोंडाकडे बघत राहिल्या. उष्णतेचं आहे, असं धुडकूच मध्ये बोलला. घरी आल्यावर तो म्हणाला, "लगीनलोंग गोळी बंद ठेव. तोंड साफ व्हई जाई. पोरनं भलं व्हवू दे."

लेकीचं नाव मध्ये आल्यावर सुंदरा नाही कशी म्हणणार? तिनं लग्नापर्यंत गोळी बंद केली.

चेहरा हळूहळू निवळला. लग्नात धुडकू पाहुण्यांत ताठ मानेनं फिरला. पण हळद उतरते न उतरते तोच सुंदराचं डोकं दुखू लागलं, उलट्या झाल्या, उजव्या हातातून वाटी निसटू लागली. आजार मेंदूत गेला होता. गोळी थांबवल्याचं कळल्यावर डॉक्टरीणबाई चिडल्या. गोळी चालू असती तरी आजारानं कधी ना कधी वाट काढली असती, पण इतक्या लवकर कदाचित नाही, असं त्या म्हणाल्या. आणि पुरळावर साधं मलम होतं, एकदा दाखवायचं तरी.

मंगलाबाई भेटायला आल्या. धुडकू काहीतरी सारवासारव करू लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं आणि आपल्या थोरल्या जावेचं सांगितलं.

"आमले साखरपुडालेच समजनं व्हतं. मनी जेठाणी हाईच गोळी खाये, तिना तोंडवर असंच उठे. पोरगी आमले पसंत व्हती. तुम्ही कसाले लपाडं?"

सुंदरानं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मेंदूला रेडिएशनचा शेक दिला, गोळी पुन्हा सुरू झाली, पण पहिल्यासारखी लागू पडली नाही. जयश्री माहेरी येऊन राहिली. गोळी आणि पाणी घेऊन धुडकू खाटेजवळ आला की सुंदरा ओठ घट्ट मिटून घेई. लेक आली की तोंड उघडत असे. असं शेवटपर्यंत चाललं. त्याच्याशी ती भांडली नाही, आणि बोललीही नाही.