हवालदारांची तीन क्रियापदं

हवालदार दळवी गेल्याचं कळलं तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. संगीताचा फोन आला. "मॅडम, सर गेले... सकाळी अंगणात बसल्या जागीच." कधी नेणार ते मी विचारलं, फोन ठेवला आणि हातातली उत्तरपत्रिका शेवटपर्यंत तपासली. दुसरं काही सुचलंच नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला. संगीता मिरजगावची, नगरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे आणि हवालदार तिचे फ्रेंचचे सर. मिरजगावात फ्रेंच, हे वाचून कुणाला हसू आलं तर मी त्याला दोष देणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही आलं होतं.

हवालदार मूळचे जामखेडच्या बाजूचे, सैन्यात ड्रायव्हर. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तुकडीबरोबर ते काँगोत गेले आणि तिथे खेडोपाडी पाण्याचा टँकर फिरवताना लोकांशी बोलून बोलून फ्रेंच शिकले. निवृत्तीनंतर मिरजगावात थोडी जमीन घेतली, दोन म्हशी बांधल्या. अलीकडे आमच्या जिल्ह्यातही कॅनडाला जायचं म्हणून फ्रेंच शिकणारी मुलं-मुली दिसू लागली आहेत. तशी नऊ जणं जमली आणि खताच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी हवालदारांचा वर्ग सुरू झाला. मग एक दिवस ते नगरला आमच्या कॉलेजात आले. मी पुण्यात शिकलेले, तेव्हा कॉलेजात फ्रेंच शिकवायला लागून वीस वर्षं झालेली. ते दारातच ताठ उभे राहिले. "मॅडम, एकडाव येऊन वर्ग बगा. मी शिकवतोय ते बराबर हाय का न्हाई, मला कळंना."

गेले. नगरहून एसटीने दीड तास. खोलीत भिंतीवर तीन कागद चिकटवलेले, प्रत्येकावर एकच क्रियापद: वूल्वार, पूव्वार, दव्वार. म्हणजे इच्छा असणे, जमणे आणि भाग असणे. पहिले तीन महिने या तिघांशिवाय हवालदार काही शिकवत नसत. त्यांच्या मागे कुठलंही दुसरं क्रियापद, शब्दकोशात असतं तसंच्या तसं, लावायचं की झालं वाक्य. झ द्वा पार्तीर, मला निघणं भाग आहे. फिरवायचं ते फक्त पहिलं. हे पोरांना समजावताना ते म्हणाले, "ट्रॅक्टरला स्टेरिंग असतंय. ट्रॉलीला असतंय का? न्हाई ना? मग दुसऱ्याला हात लावायचा न्हाई. ते गुमान मागनं येतंय." आणि ही दुसरी क्रियापदं पुस्तकातली नसायची. प्रत्येकाने आपल्या घरात दिवसभर जी कामं होतात त्यातली दहा लिहून आणायची, त्यांचे फ्रेंच शब्द हवालदार सांगणार. मग एकेकाने उभं राहून ते काम करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी वाक्य म्हणायचं. एकाने कांद्याची गोणी शिवली, एकीने विहिरीवरची मोटार चालू केली, संगीताने सलाइन लावलं. माझ्या कॉलेजातली मुलं सहा महिन्यांनंतर कागदावर वाटेल तो काळ चालवून दाखवतात, पण नाव विचारलं की छताकडे बघतात. इथे ही नऊ जणं न थांबता बोलत होती.

ते पाहून मला कौतुक वाटायला हवं होतं. मला दिसल्या त्या चुका. हवालदारांचा उच्चार काँगोचा, काही ठिकाणी चक्क जामखेडचा, आणि काही वाक्यं टँकरवर ऐकली तशीच्या तशी. मी तिथल्या तिथे, पोरांच्या समोर, त्यांना टोकायला लागले. एकदा, दोनदा... पुढे पुढे तर मी खडूच हातात घेतला. दर दुरुस्तीला हवालदार टाचा जुळवून "येस मॅडम" म्हणत होते. पोरं खाली बघत होती. परतीच्या एसटीत मी स्वतःवर खूश होते, हे कबूल करायला हवं.

पुढच्या रविवारी वर्ग भरला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला याचा पत्ताच नव्हता. तीन महिन्यांनी माझ्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तिथे संगीताने मला ओळखलं. "सर म्हनाले, चुकीचं शिकवन्यापरीस न शिकवलेलं बरं. आता खऱ्या मॅडमकडं जावा." त्या नऊ जणांतला एकही माझ्याकडे आला नव्हता. ड्यूटी, शेत, म्हशी सोडून रोज नगरला कोण येणार? म्हणजे मी एका रविवारी जाऊन नऊ जणांचं शिकणं बंद पाडून आले होते. संगीता हे सगळं अगदी साधेपणाने सांगत होती, आणि मला आईच्या खाटेखाली शिरावंसं वाटत होतं.

मी पुन्हा मिरजगावला गेले. वर्ग सुरू करा म्हणून गळ घातली. हवालदार म्हणाले, "करू. तुमी बी येत जावा. पर एक... समोर न्हाई. काय असंल ते चहाच्या टायमाला." तेव्हापासून चार वर्षं, एक रविवार सोडून एक, मी जात राहिले. मागच्या बाकावर बसायचं, चिठ्ठीवर लिहायचं, आणि चहा आला की दोघांनी गॅलरीत उभं राहून ती चिठ्ठी वाचायची. ते "येस मॅडम" म्हणायचे आणि पुढच्या तासाला तेच वाक्य बरोबर म्हणायचे. संगीताची तोंडी परीक्षा पुण्यात झाली. परीक्षकबाईंनी विचारलं, रविवारी काय करतेस? संगीताने दावं सोडण्यापासून रात्रपाळीपर्यंत सगळं सांगितलं, हवं, जमतं आणि भाग आहे यांत बसवून. बाईंनीच शेवटी थांबवलं म्हणे. आता तिच्या कॅनडाच्या कागदपत्रांचं चाललंय. या सगळ्यात मी स्वतःची अशी समजूत करून घेतली होती की बिघडवलं मी, पण निस्तरलंही मीच. माफी मात्र मी त्यांची कधी मागितली नाही. वर्ग चाललाय, त्यातच आली, असं धरून चालले.

दहाव्यानंतर भेटायला गेले. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला घरात न बसवता गोठ्यात घेऊन गेल्या. "हे तुमाला दावायचं हुतं." मागची भिंत खडूने भरलेली. देवनागरीत फ्रेंच, ओळीखाली ओळ. त्या पहिल्या रविवारी मी काढलेल्या सगळ्या चुका.

"तुमी गेल्यावर दोन दिस नीट जेवले न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "मंग हे लिवलं. तीन म्हैने रोज पहाटं धार काढताना म्हशीपुढं घोकायचे. पक्कं झाल्याबिगर पोरांसमोर उभं ऱ्हायचं न्हाई म्हनायचे."

म्हणजे ते रुसले नव्हते, अभ्यास करत होते. मी गळ घालायला गेले नसते तरी वर्ग पुन्हा भरलाच असता.

वाचता वाचता मी एका ओळीशी थांबले. 'धार काढणे' याच्यासमोर 'त्रेर' लिहून खोडलेलं, पुढे 'तिरे (मॅडम)', तेही खोडलेलं, आणि शेवटी पुन्हा 'त्रेर'. मला आठवलं. त्या दिवशी मी ठणकावून सांगितलं होतं, त्रेर असा शब्दच नाही, तुम्हाला तिरे म्हणजे ओढणे म्हणायचं असेल. शब्द आहे. चांगला रोजच्या वापरातला आहे, फक्त पुण्यात मला कुणी धार काढायला लावली नव्हती. दोन वर्षांनी तो मला शब्दकोशात दिसला आणि चहाच्या वेळी मी हवालदारांना जणू नवीनच काही देतेय अशा थाटात सांगितला. ते "येस मॅडम" म्हणाले होते.

"काँगोतली गाईवाली म्हातारी त्रेरच म्हनायची," वहिनी सांगत होत्या. "पर मॅडम शिकल्याल्या हाईत, त्यांचंच खरं असंल, म्हनले आन् खोडलं."

मी विचारलं, "आणि नंतर? मी पुन्हा त्रेर सांगितलं, त्या दिवशी घरी येऊन काही बोलले का?"

"व्हय की. लई खूश हुते. चपला काढायच्या आदीच म्हनले, मॅडमला घावला बग शब्द."