नायकणीचा अर्धा सिनेमा

बोरी अरबपासून दोन कोसांवरच्या तांड्यात धनीबाईला नायकण म्हणून जेवढा मान होता, त्याच्या दुप्पट मान सिनेमा सांगणारी म्हणून होता. नवरा धरमसिंग तांड्याचा नायक, न्यायनिवाडे त्याच्याकडं. तो चार दिवस परगावी गेला तर कुणाचं फारसं अडत नसे. धनीबाई तापानं आडवी झाली, की मात्र बायका घटकेघटकेला डोकावून जात.

पद्धत अशी होती. बोरीत सिनेमा लागला म्हणून अख्खा तांडा काही उठून जात नसे. गुरं कोण पाहणार, पोरं कोण धरणार? शिवाय पडद्यावरची ती तुपातली भाषा म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून जायची. म्हणून तांडा धनीबाईला पाठवायचा. ती पाहून यायची आणि दिवेलागणीला आपल्या दारापुढच्या लिंबाखाली बसून सगळा सिनेमा गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, सांगायची, नटीच्या मुरक्यापासून सावकाराच्या खोकल्यापर्यंत. (ती गोरबोली इथं वऱ्हाडीत उतरवली आहे, लिहिणाऱ्याची ऐपत तेवढीच.) नियम एकच, पाहिलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. गाणी तेवढी पदरची असत, पण गाण्यांचा हिशेब कोण ठेवतो?

एवढ्या सुखात तिला एक सल होता. तिची सगळ्यात चांगली ऐकणारी आता समोर बसत नव्हती. ती ऐकणारी म्हणजे तिची नणंद लालीबाई. बाकीच्या बायका कुठंही हसत. लालीबाई बरोबर हसायच्या जागी हसायची, आणि रडायची जागा आली की धनीबाईच्या आधी पदर डोळ्याला लावायची. नांदायला चार कोसांवर, पण दर दिवाळीला भाऊ बैलगाडी घेऊन जायचा आणि ती पंधरा दिवस माहेरी राहायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या, नेमसिंगच्या लग्नात कुणा वेंधळ्यानं सख्ख्या मामाच्या आधी परक्या तांड्याच्या नायकाला फेटा बांधला. झालं. धरमसिंगच्या नाकावर आधीच माशी बसत नसे. तो जेवणावरून उठला, गाडी जुंपली आणि आला. तेव्हापासून बहिणीचा दर दिवाळीला निरोप यायचा आणि भाऊ तो ऐकून न ऐकल्यासारखा करायचा. धनीबाईनं सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, भाजीत मीठ जास्त घालूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

साल एकसष्ट. दिवाळीच्या तोंडावर बोरीत नवा बोलपट आला. जिनिंगचं गोदाम अजून रिकामं होतं. कापूस यायला अवकाश. खिडक्यांना गोणपाट ठोकून तिथं दुपारचा खेळ लावला. बोलपट एका कादंबरीवरून काढलेला. ती कादंबरी बोरीतल्या वाचणाऱ्या घरांत हातोहात फिरून पार ढिली झालेली. धनीबाईच्या शेजारी शाळामास्तरांची इंदूबाई बसली होती. तिनं ती तीनदा वाचली होती आणि पडद्यावर काही हललं की तिचं ठरलेलं वाक्य येई, "पुस्तकात असं नाहीये हो." पुस्तकात म्हणे सगळं होळीला घडतं; यांनी दिवाळीला लावायचं म्हणून दिवाळीत नेऊन बसवलं. पुस्तकातला भाऊ काळासावळा. हा दुधात न्हालेला.

गोष्ट साधी होती. आईबाप नसलेल्या बहिणीला भावानं वाढवलं. तिनं आपल्या मनानं एका गाणाऱ्याशी लग्न केलं. भावानं दार लावून घेतलं. वर्षं गेली; दर दिवाळीला तिचा निरोप जायचा, त्याचा जबाब यायचा नाही. आता दिवाळी आली. ती ताट घेऊन दारात बसली आहे, आणि भाऊ तिच्या गावच्या फाट्यापर्यंत येऊन मैलाच्या दगडाशी थांबला आहे. पुढं जावं की मागं फिरावं? आणि पडदा पांढराफटक पडला.

शेवटचं रीळ शेजारच्या बाजारगावच्या तंबूत चालू होतं. ते सायकलवरून इकडं यायचं. बाभळीच्या काट्यानं सायकलीचा घात केला. मालक म्हणाला, आज येत नाही, मंडळी, पुढच्या खेपेला पाहा. लोकांनी शिव्या दिल्या, तिकिटांचे बोळे फेकले आणि ते घरी गेले. इंदूबाई म्हणाली, "मी सांगते ना शेवट."

धनीबाईनं कानांवर हात ठेवले. "नोको बाई. मघाधरनं तुमीच म्हनता, पुस्तकातलं काईच इथं नाई. मंग शेवट तरी कायले राहीन?"

इंदूबाई चपला शोधू लागली.

दोन कोस धनीबाई नुसती जळत आली. उद्या अमावस्या, पोरी दिवे घेऊन घरोघर मेरा, म्हणजे दिवाळीची ओवाळणी, मागत फिरणार, आणि आज तांड्याला द्यायला तिच्याकडं अर्धाच सिनेमा. संध्याकाळी लिंबाखाली सगळी जमली. धरमसिंग नेहमीप्रमाणे बाजूला अंबाडीचं चऱ्हाट वळत, आपण ऐकतच नाही असं दाखवत बसला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. धनीबाईनं सांगितलं, रंगवून सांगितलं, आणि मैलाच्या दगडाशी येऊन थांबली.

"मंग?" म्हातारा सेवादास म्हणाला.

"मंग रीळच आलं नाई."

"तू सांग ना काई बी."

"मी पाह्यलं नाई. कशी सांगू?"

गलका झाला. फुलचंद म्हणाला, पोरीनं न विचारता लग्न केलं, तिलेच दंड करा, एक बकरा. बायका त्याच्यावर तुटून पडल्या. कुणी म्हणे भाऊ माजला, कुणी म्हणे गाणाऱ्यालाच पुढं बोलवा, तो कायले लपून बसला. दोन्हीकडून असं बोलणं सुरू झालं की सिनेमातली माणसं जणू पलीकडच्या झोपडीत राहत होती. तांड्यात तंटा चालला आहे आणि नायकाला कुणी विचारत नाही, हे धरमसिंगला किती वेळ सोसणार? त्यानं चऱ्हाट खाली ठेवलं, मुंडासं सारखं केलं आणि मधे येऊन बसला.

"गप राहा. ज्यानं पाह्यलं त्यालेच इचारू. नायकण, बहिनीनं भावाले निरोप धाडला होता का?"

"धाडला. दर दिवाळीले."

"भावानं जबाब देल्ला?"

"नाई."

धरमसिंगनं मिशीवरून हात फिरवला. न्याय द्यायच्या वेळी त्याचा आवाज भरून यायचा. "निरोप धाडला म्हंजे ती वाकली. वाकलेल्या मानसाले आनखी वाकवनं न्यायात बसत नाई. चूक कोनाची बी असो. भाऊ मोठा हाये, भावानंच जावं. आन उद्या दिवे लागाच्या आत जावं."

"बोलला नायक," सेवादासनं रीतीप्रमाणं म्हटलं. फुलचंद उगाच खोकला. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या.  धनीबाईनं नजर वर केली नाही. आपण काय बोलून बसलो हे सगळ्यात शेवटी धरमसिंगच्या ध्यानात आलं.

"पिच्चरमधला मानूस आन मी एक हाव का?" तो गुरगुरला.

"नाई," धनीबाई म्हणाली. "त्याची बहीन परद्यावर हाये. तुमची चार कोसावर हाये."

सेवादास काठी टेकत उठला. "नायका, तुह्या शब्दावर म्या माह्या पोराचं शेत वाटून देल्लं. मले तवा पटलं नोतं. तरी देल्लं." एवढं बोलून तो घराकडं चालू लागला.

धरमसिंग रात्री जेवला नाही. सकाळी धनीबाई उठली तेव्हा अंगणात गाडी नव्हती.

दिवे लागायच्या बऱ्याच आधी गाडी आली. लालीबाई उतरली, भावजयीच्या गळ्यात पडली, दोघी मनसोक्त रडल्या, आणि डोळे पुसायच्या आत लालीबाई म्हणाली, "भोजाई, थो फाट्यावरचा मानूस पुढं गेला का नाई गेला? भावानं वाटभर तेच सांगतलं. फेट्याचा शबूद बी नाई काढला."

धनीबाई इतकी हसली की पुन्हा रडायला आलं.

पंधरा दिवस बघता बघता गेले. लालीबाईनं गाठोडं बांधायला घेतलं तोच बोरीत तोच बोलपट पुन्हा लागल्याची खबर आली, आणि या खेपेला सगळी रिळं होती. दोघी नणंदभावजया गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा दोघींचेही डोळे सुजलेले. धरमसिंग दारातच बसला होता, आज हातात चऱ्हाटही नव्हतं.

"काय झालं शेवटी?" त्यानं सरळ विचारलं.

धनीबाईनं लालीबाईकडं पाहिलं. "मागं फिरला थो. दोन वर्सानं गेला. तवा घराले कुलूप होतं. बहीन नोती राह्यली."

 धरमसिंग उठला, आत गेला, लालीबाईचं बांधलेलं गाठोडं उचललं आणि कोठीवर पार वर ठेवून दिलं.

"लाली," तो आतूनच म्हणाला, "संक्रांतीपावतर राह्यजो."