लावणीपुरत्या थांबवलेल्या गोळ्या

माझी बायको जाऊन वर्ष झालं. तिनं आपला जीव आपणच दिला. कसा, ते लिहिणार नाही. गाव म्हणालं, बाहेरचं होतं, भुताखेताचं. दासगावला दिलेली मुलगी म्हणत राहिली, "मी चार दिवस येऊन राहिले असते तर आई वाचली असती." मी ऐकायचो आणि गोठ्यात निघून जायचो.

पुढं माझंच जेवण सुटलं. झोप नाही, गुरांकडं बघावंसं वाटेना. मुलगी मला पोलादपूरहून महाडला, तिच्या आईच्याच डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाई म्हणाल्या, "काका, मेंदूत एक पदार्थ तयार होतो. तो पेशी जगवतो, वाढवतो. या उदासीच्या आजारात तो कमी पडतो. जीव दिलेल्या माणसांच्या मेंदूतही तो कमी सापडलाय."

"मग युरिया मारा की थोडा."

बाई हसल्या. "गोळी त्यालाच मदत करते, पण हळूहळू. आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही. आणि सगळा आजार त्या एका पदार्थाचाच, असंही नाही."

मध्येच सोडायची नाही. हे बायकोच्या वेळीही सांगितलं असणार. मी तेव्हा बाहेर बाकावर तंबाखू मळत होतो.

आमच्यात भाताच्या लावणीला एका घरचं माणूस दुसऱ्याकडं जातं, मग ते आपल्याकडं येतात. माणूस दिलं नाही तर आपली रोपं तशीच राहतात. त्या साली बायकोला याच आजाराची गोळी चालू होती, तिनं ती पेंगायची. शेजारीण सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गो, चिखलात झोपायला आलीस?" लाज मला वाटली. घरी म्हणालो, "लावणी उरकेपर्यंत नको घेऊस." तिनं मुकाट्यानं पाकीट माझ्या हातात दिलं. पुढं ती बायकांत चांगली हसत होती, म्हणून मी ते परत दिलंच नाही. गणपतीच्या आधी ती गेली.

दवाखान्यातून स्टँडवर येऊन बसलो. मुलीला म्हणालो, "तुझं काय चुकलं नाय गो. आईच्या गोळ्या मी बंद केल्या."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"नाय."

"आणि वर्षभर मला रडू दिलंत."

पोलादपूरची गाडी लागली. मी उठलो तर तिनं माझी पिशवी ओढून घेतली.

"तिकडं कुठं? दासगावला चला. गोळी रोज मी देणार. तुमच्यावर माझा भरवसा नाय."

गेलो. वाटेत पिशवी तिनं मांडीवरच धरून ठेवली.