रोन म्हणजे घर

"बोलून दाखव, मास्तर," म्हणत मावशी कानाच्या पाळीला दोन बोटं लावायच्या. कागदावर कुणी काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. शब्द कानाला पटला तर मान डोलायची, नाहीतर "पुन्हा."

मास्तर म्हणजे मी. आठवडाभर ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर आणि शनिवारी लंडनमध्ये वेम्बलीच्या एका हॉलमध्ये मोठ्यांचा मराठी वर्ग. आमचा वर्ग उठला की तिथेच मावशींचा गोंडीचा वर्ग बसे. मावशी गडचिरोलीकडच्या गोंड. नर्स म्हणून इथे आल्या, इथल्या हॉस्पिटलात हयात काढली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की पोटच्या पोरीला आपली भाषा येत नाही. मग त्यांनी वर्गच काढला. विद्यार्थी पाच: ती लेक आणि नागपूर-चंद्रपुरात वाढलेले चौघे. या चौघांची गोंडी आजीबरोबरच गेली होती.

पहिल्या दिवशी मी कुतूहलानं मागे बसलो. फळ्यावर 'नार' लिहिलं होतं. मी न विचारता म्हणालो, "नार म्हणजे बाई."

"तुमच्यात बाई," मावशी म्हणाल्या. "आमच्यात अख्खं गाव."

सगळे हसले, मीही हसलो. तेव्हाच शहाणा झालो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मावशींना शब्द कुठेही आठवत, बसमध्ये, भाजी चिरताना. आठवला की हाताला लागेल त्यावर लिहायच्या: पाकिटाची पाठ, कौन्सिलच्या पत्राचा कोपरा. "उतरवला नाई तर पळते तो," म्हणायच्या. अशा चिठ्ठ्यांची एक कापडी पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली. "कॉम्प्युटरवर घालून दे. जसं हाय तसं."

एवढंच काम होतं. पण तुम्ही आमच्यासारखे पुणेकर पाहिले असतील, चुकीची वेलांटी दिसली की आमचा हात शिवशिवतो. मी ऱ्हस्वाचे दीर्घ केले, दीर्घाचे ऱ्हस्व केले. एका चिठ्ठीवर 'रोन' होतं आणि पुढे अर्थ, 'घर'. मला वाटलं, 'रान'च असणार, वर मात्रा चुकून जास्तीची पडली. जंगलातली माणसं, रानालाच घर म्हणत असतील! हा विचार तेव्हा मला फार सुंदर वाटला होता. आता कान तापतात.

आणि टाइप झालं म्हणजे सेव्ह झालं, या आमच्या धंद्यातल्या श्रद्धेनं मी चिठ्ठ्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकल्या.

शनिवारी वर्गाआधी मावशींनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रोन, मास्तर. रोन म्हणजे घर. रानात तर वाघ राहते." मग पानं मिटून ठेवली. "वर्गात वाटू नको अजून. चिठ्ठ्या आन, मिळवून पाहू. आता मले सारं आठवत नाई."

मी तोंड उघडलं आणि खोटंच बाहेर पडलं. "घरी आहेत, मावशी. पुढच्या शनिवारी आणतो."

पुढच्या शनिवारी म्हणालो, विसरलो. त्याच्या पुढच्या शनिवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज असल्याचा मेसेज केला. रिलीज नव्हता. तिसऱ्या शनिवारी गेलो तर मावशींनी दारातच विचारलं, "आनल्या का?" मी ट्रेन पकडायच्या घाईवर ढकललं. त्यांनी चहा दिला. इतक्या मायेनं दिलेला चहा मला कधी इतका जड गेला नाही.

मग त्या आजारी पडल्या. मी हॉस्पिटलात भेटायला गेलो, हातात पिशवी होती. मला पाहून त्या उशीवर उठून बसल्या, पिशवी ओढून घेतली आणि आत पाहिलं. द्राक्षं होती.

"बरं," म्हणाल्या. एक द्राक्ष त्यांनी मला दिलं, एक स्वतः खाल्लं. तेव्हाही मी खरं बोललो नाही. त्याच आठवड्यात मावशी गेल्या.

वर्ग मोडला नाही. लेकीनं तो चालू ठेवला, आणि आईच्या कपाटात तिला माझी पानं मिळाली. तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. पाचही जण गोल बसले होते, प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत.

"मला वाटतं माझा आई 'रोन' बोलायची," ती म्हणाली. "बट इथे 'रान' आहे. तू प्रॉपर टाइप केलंयस, सो मीच चुकली असणार, ना?"

"तू बरोबर आहेस," मी म्हणालो. "रोनच. मी चुकवलं."

पाच पेन्सिली चालल्या. मग तिनं विचारलं, "आणि बाकी कुठले?"

मला माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. सुधारणा, डबा, तीन शनिवार. ती ओरडली नाही. आईवर गेली होती.

वाचायला तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तिनं पान वर धरलं आणि पुढचा शब्द मी लिहिला होता तसाच वाचला. वर्ग तिच्यामागून तसाच म्हणाला.